सोयाबीनची पेज

माझं तोंड फटकळ आहे, हे मला ओळखणारा कोणीही सांगेल. मनात आलं की समोरच्याच्या तोंडावर — मग ती सासू असो, कॉलेजच्या प्राचार्या असोत, नाहीतर नवरा. ‘बाई तिखट आहे, पण पोटात काही ठेवत नाही,’ असं माझ्यामागे बोललं जायचं आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. खोटं आहे ते. एक गोष्ट मी पोटात ठेवली. नवऱ्याला सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे हात जोडले तेव्हाही ती बाजूला सारूनच जोडले. आज तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझे कोणी लागत नाही. बसा. पण मध्ये बोलू नका, आणि ‘असू द्या, होतं असं माणसाच्या हातून’ हे तर मुळीच म्हणू नका. त्या शब्दांचा मला संताप येतो.

वर्ध्याला मुलींच्या कॉलेजात मी आहारशास्त्र शिकवायची. सासर मोठी आंजी या गावचं. नवरा गावातल्याच शाळेत मास्तर, धाकटा दीर विनायक शेती बघायचा, आणि मी आर्वीच्या एसटीनं रोज जाऊन-येऊन. चरबीची पेशी हा माझा आवडता धडा. मुलींना वाटायचं, माणूस बारीक झाला की चरबी जळून राख होते. मी सांगायची, तसं नाही ग बायांनो — पेशी रिकामी होते, मरत नाही. घडी घालून ठेवलेल्या पोत्यासारखी पडून राहते, पुन्हा भरायला तयार. मग मेथीदाणे, कारलं, जवस, कढीपत्ता यांच्यातली द्रव्यं — कोणती साखर सावकाश सोडतात, कोणती तेलतूप आतड्यातच अडवतात. मुली माना डोलवायच्या. त्यांना वाटायचं, झाडं किती गुणाची! गुणाची कसली? झाड काही तुमच्या-आमच्या भल्यासाठी कडू होत नाही. किडीनं खाऊ नये म्हणून होतं. ती द्रव्यं तुमच्या पोटात गेल्यावर चरबी अडवतात की आणखी काही अडवतात, याच्याशी झाडाला काय घेणंदेणं?

आणखी काही — ते काय, ते मी वर्गात कधीच शिकवलं नाही. का नाही, ते येईलच पुढे.

वच्छला ही विनायकची बायको. माझी धाकटी जाऊ. ती उंबरठा ओलांडून आत आली त्या दिवसापासून ती मला नको होती. कारण विचारता? कारण फार क्षुद्र आहे. मी त्या घरात तिच्या कितीतरी आधी आलेली, शिकलेली, नोकरी करणारी. आणि मला पाहून सासूबाई काय म्हणाल्या होत्या? ‘पोरीच्या आंगावर मूठभर मास नाई. पुस्तकं खाऊन राह्यली काय?’ आणि वच्छला आली — गोरी, भरल्या अंगाची, हसली की गालाला खळी — तर त्याच सासूबाई दारातच म्हणाल्या, ‘घर भरलं बाप्पा माह्यं.’ म्हणजे माझ्यानं इतकी वर्षं ते रिकामं होतं काय?

त्यात तिच्या हाताला चव. तिनं नुसता झुणका केला तरी माणसं बोटं चाटायची. माझी स्वतःची मुलं शाळेतून आली की ‘काकी, काकी’ करत तिच्यामागे. मी आहारातली तज्ज्ञ, आणि माझ्या हातचं कोणी दुसऱ्यांदा मागत नव्हतं. ती मात्र मला ‘मोठ्या बाई, मोठ्या बाई’ म्हणत फिरायची. तिच्या मनात काही नव्हतं. तेच मला सहन होत नसे. तिच्या मनात थोडा तरी मत्सर असता, तर आम्ही बरोबरीच्या झालो असतो.

दुसऱ्या बाळंतपणानंतर ती फुगायला लागली. सुरुवातीला सगळ्यांना कौतुकच होतं. मग चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला, आवाज जाड झाला, केसांचे पुंजके कंगव्यात यायला लागले. वैशाखात, जेव्हा वर्ध्याच्या उन्हात डांबर वितळतं, तेव्हा ही अंगावर चादर घ्यायची. चुलीपुढे बसल्या-बसल्या पेंगायची. मीच तिला सेवाग्रामच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हो, मीच. शिकलेली म्हणून ते माझ्याकडेच यायचं. डॉक्टरांनी गळा चाचपला, रक्त तपासलं आणि सांगितलं की गळ्यातली थायरॉइड नावाची ग्रंथी मंदावली आहे. ती मंदावली की शरीर अन्न सावकाश जाळतं, अर्धी भाकरी खाल्ली तरी त्यातली शिल्लक पडते. उपाय सोपा होता. रोज सकाळी एक गोळी, जन्मभर.

घरी आल्यावर सासूबाईंनी गोळी हातात घेऊन पाहिली. त्यांच्या मते औषध म्हटलं की ते गरमच. ‘उपाशीपोटी देऊ नोको तिले. पोटाले आधार पाह्यजे,’ त्या म्हणाल्या. आमच्याकडे हे कोणी कोणाला शिकवावं लागत नाही, औषधाआधी पोटात काहीतरी जातंच. आणि आधार कशाचा द्यायचा, ते मी ठरवलं.

ते सोयाबीनचे आमच्याकडचे पहिले दिवस होते. कोणीकोणी शेताच्या एका तुकड्यात पेरून पाहत होते, पण खायचं कसं ते कोणाला ठाऊक नव्हतं. उग्र वासानं बाया नाक धरायच्या. आमच्या कॉलेजनं ते काम अंगावर घेतलं आणि मी गावोगाव स्टोव्ह आणि कढई घेऊन हिंडले. सोयाबीनच्या पोळ्या, सोयाबीनचे लाडू, सोयाबीनचं दूध. आर्वीला शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार झाला. लोक मला ‘सोयाबीनवाल्या मॅडम’ म्हणायचे — थट्टेनंच सुरुवात झाली असेल, पण मला ते नाव मानाचं वाटायचं. तेव्हा घरात पेज कशाची होणार? भाजून दळलेल्या सोयाबीनच्या पिठाची. सकाळी एसटी पकडण्याआधी मी स्वतःच्या हातानं ती करायची, वाटी वच्छलेपुढे ठेवायची, आणि पहिल्या घोटाबरोबर ती माझ्यादेखत गोळी गिळायची.

इथपर्यंत मला काही माहीत नव्हतं. हे लक्षात ठेवा — पण माझ्या बाजूनं नका लक्षात ठेवू.

वच्छला उतरली नाही. उलट वाढली. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली, तरी वाढली. ‘रोज घेता ना नक्की?’ त्यांनी विचारलं. तिनं मान हलवली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘गोळी रोज घेते. खाण्यावर मात्र ताबा नाही.’ तिला चोरून खाताना मी पाहिलं होतं का? कधीच नाही. पण माझ्या पुस्तकातलं गणित सरळ होतं. गोळी पोटात जाते आहे, तरी चरबीची पोती भरताहेत, म्हणजे वरून कोणीतरी भरतं आहे. मी हे घरी आल्यावर जेवताना सर्वांपुढे बोलून दाखवलं. माझा स्वभावच तसा ना, फटकळ!

मग मी कोठीच्या खोलीला कुलूप घातलं. गूळ, शेंगदाणे, तूप, फुटाणे, सगळं आत. किल्ली माझ्या पर्समध्ये, पर्स वर्ध्याला. जी बाई सगळ्या घराला रांधून वाढत होती, तिला तिच्या लेकरासाठी गुळाचा खडा हवा असला तर सकाळी मी निघण्याआधी मागून घ्यावा लागायचा. ती भांडली नाही. त्या जाड झालेल्या आवाजात ‘बरं, मोठ्या बाई’ म्हणाली. मला तिच्या त्या ‘बरं’चाच राग यायचा. आणि तुम्ही ओळखलंच असेल — कुलूप लागल्यावरही ती वाढतच होती. मी म्हटलं, शेजारी जाऊन खात असेल.

आता येते मी त्याच्यापाशी. केव्हाची टाळते आहे.

श्रावणात आमच्यासारख्या शिकवणाऱ्या बायकांसाठी सेवाग्रामला काही दिवसांचा वर्ग होता. बाहेरगावचे एक डॉक्टर बोलायला आले होते, अन्न आणि औषध यांचं एकमेकांशी कसं जमतं किंवा जमत नाही, या विषयावर. चांगले बोलत होते. आणि बोलता बोलता, सहज, त्यांनी सोयाबीनचं नाव घेतलं. म्हणाले, हे कडधान्य पौष्टिक आहे, पण थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी सांभाळावं. त्यातली काही द्रव्यं आतड्यातच त्या गोळीला धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. काही तर त्या ग्रंथीच्या कामातच अडथळा आणतात. गोळीसोबत सोयाबीन खाल्लं, तर गोळी घेतली काय आणि न घेतली काय. एवढं बोलून ते पुढच्या विषयाकडे वळले. सगळ्याजणी लिहून घेत होत्या. मी लिहिलं नाही. मला लिहायची गरजच नव्हती.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी काय विचार केला? तुम्हाला वाटत असेल, माझं काळीज चरकलं असेल. नाही चरकलं. पहिला विचार आला तो शालीचा आणि नारळाचा — लोक म्हणतील, सोयाबीनवाल्या मॅडमनं घरातल्याच बाईला सोयाबीन खाऊ घालून आजारी पाडलं. आणि दुसरा विचार? दुसरा विचार याहून वाईट होता. मी सांगितलं तर वच्छला निर्दोष ठरेल. पेज बंद होईल, ती पुन्हा पहिल्यासारखी होईल, गोरी, हसरी, आणि सासूबाई पुन्हा म्हणतील की घर भरलं. कुलूप मी लावलं होतं, ते मलाच सगळ्यांच्या देखत काढावं लागेल. तिच्यापुढे! छे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेज केली.

हेच ते. याच्याभोवतीच मी इतका वेळ फिरत होते. न कळता केलेल्या चुकीचं मला काही वाटत नाही, चुका सगळ्यांच्या होतात. पण त्या सकाळी मला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी पीठ घेतलं, पाण्यात कालवलं, चुलीवर ठेवलं, गुठळ्या होऊ नयेत म्हणून ढवळत राहिले. हात थांबला का? नाही. मी वाटी तिच्यापुढे ठेवली आणि तळहातावर गोळी दिली. ‘सगळी पी,’ म्हटलं. ती प्यायली. वाटी धुऊन पालथी घालून ठेवली. आणि हे एकदाच नाही. महालक्ष्म्या येईपर्यंत रोज.

महालक्ष्म्यांना आमच्याकडे सारं गणगोत जमायचं. दोघी मुखवटे सजवून उभ्या, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला, समोर पुरणपोळी आणि आंबिलीचा नैवेद्य. दुपारी कोणाच्या तरी लक्षात आलं की नैवेद्याच्या आधीच फुलोऱ्यातल्या करंज्या कमी झाल्या आहेत, दोरे नुसतेच लोंबताहेत. घरभर पोरं होती. दिवाणावर चढलं की कोणाही पोराचा हात पुरला असता. पण सगळ्यांच्या नजरा कुठे वळल्या? मी ज्या बाजूला महिनोन्‌महिने वळवत आणल्या होत्या, तिथेच. सासूबाई उठून उभ्या राहिल्या. ‘महालक्ष्म्यायच्या तोंडचं खाल्लं हिनं!’ वच्छला हात जोडून म्हणत होती, मी नाही, मी नाही. सासूबाई मग माझ्याकडे वळल्या. त्यांना एका क्षणापुरता तरी संशय आला होता, हे मी आजही सांगू शकते. ‘तू शिकेल हायेस. तूच सांग, न खाता माणूस असं फुगते काय?’

सारं घर माझ्याकडे पाहत होतं. वच्छलासुद्धा. तिच्या सुजलेल्या डोळ्यांत आशा होती — मोठ्या बाईला शास्त्र कळतं, मोठ्या बाई खरं सांगतील.

‘हवा खाऊन कोणी फुगत नाही,’ मी म्हटलं.

विनायकनं त्याच आठवड्यात तिला माहेरी नेऊन सोडलं, आर्वीच्या पलीकडे. धाकटं लेकरू सोबत, मोठी मुलगी आमच्याकडेच ठेवून घेतली. ती पोर दारात बसून एसटीच्या आवाजाला कान लावायची. मी तिला उचलून आत आणायची आणि अभ्यासाला बसवायची. तिच्या आईबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं. मीही नाही.

माहेरी सोयाबीन कोणाला ठाऊकही नव्हतं. तिची आई साध्या पाण्याशी गोळी द्यायची. तुम्ही पुढचं ओळखलं ना? पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी विनायक तिला घेऊन आला, तेव्हा दारात मीच उभी होते. क्षणभर ओळखू आली नाही. चेहऱ्यावरची सूज गेलेली, आवाज मोकळा, केस दाट झालेले. चांगली बातमी होती, नाही? घरानं तिचा अर्थ काय लावला, ऐका. सासूबाई म्हणाल्या, ‘माहेरी चोरून खाले भेटत नसन, म्हणून वाळली.’ सगळ्यांना पटलं. वच्छला चोरून खात होती, याचा तिच्या बारीक होण्याहून मोठा पुरावा कोणता? मी पेज पुन्हा सुरू केली नाही. ‘आता तिला आधाराची गरज नाही,’ एवढंच म्हटलं. कोणी का म्हणून विचारलं नाही. मी एवढं केलं याचं श्रेय देऊ नका — पेज पुन्हा केली नाही, यावरूनच कळतं की मला सगळं ठाऊक होतं.

आणि मग ती माझ्याकडे आली. मी चुलीपाशी एकटीच होते. पदराचं टोक बोटांभोवती गुंडाळत ती उभी राहिली.

‘मोठ्या बाई, मले खरं खरं सांगा. मी झोपीत उठून खात असन काय? माह्या ध्यानात राहत नसन. मी शपथ घेतो, मले काईच आठवत नाई. पण तिथं गेली आन् उतरली ना मी. मंग मी खातच असन.’

समजलं तुम्हाला? घरानं तिला चोर ठरवलं, ते एक झालं. आता ती स्वतःच स्वतःला चोर ठरवायला निघाली होती, फक्त चोरी कधी केली ते तिला सापडत नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे विचारायला आली होती. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. आजूबाजूला कोणी नव्हतं. ‘नाही ग, ती माझी पेज होती.’ एवढंच.

मी म्हटलं, ‘असतं काही जणांना तसं. लक्षात राहत नाही.’

‘मंग काय करू?’

आणि मी वैतागून, कढईवरून नजर न काढता म्हटलं, ‘पाय बांधून झोपत जा.’

ते संभाषण तिथेच संपावं म्हणून मी बोलले होते. तिनं ते डॉक्टरांच्या सांगण्यासारखं पाळलं. एकदा सकाळी तिला उठवायला गेले तर दिसलं — जुन्या लुगड्याची पट्टी, एक टोक तिच्या घोट्याला, दुसरं खाटेच्या पायाला. घोट्याभोवती कातडी काळी पडली होती. मी तशीच बाहेर आले. त्यानंतर ती बायकांत माझं नाव काढायची, ‘मोठ्या बाईनं मले सुधरवलं,’ म्हणायची. कोठीचं कुलूप केव्हाच निघालं होतं, सगळे विसरलेही होते. पट्टी मात्र वर्षानुवर्षं राहिली. सासूबाई गेल्या, तरी राहिली.

त्यानंतर भावांनी समजुतीनं वेगळं व्हायचं ठरवलं. विनायकनं गावाच्या दुसऱ्या टोकाला घर बांधलं. सामान बैलबंडीवर चढत होतं. खाट उचलताना वच्छलेच्या मोठ्या मुलीला, त्याच दारात बसणाऱ्या पोरीला, खाटेच्या पायाला बांधलेली पट्टी दिसली. ‘आई, हे काय बांधेल हाय वं?’

वच्छला पांढरीफटक पडली. तिनं माझ्याकडे पाहिलं.

‘नवसाचं असेल,’ मी म्हटलं. ‘सोडू नका. राहू द्या तसंच.’

पोरीनं हात काढून घेतला. खाट बंडीवर चढली. वच्छला माझ्याजवळ आली, तिचे डोळे भरले होते. तिला वाटलं, मी लेकीसमोर तिची लाज राखली. ती वाकली आणि दोन्ही हातांनी तिनं माझे पाय धरले.

मी पाय मागे घेतले नाहीत.